पुण्यातला एक बॉक्सिंग क्लब: लागोपाठ हरणाऱ्या पोरापोरींच्या आईबापांसाठी

आधी कामाचं. रस्त्यावरून निळं शटर दिसतं ते कायम बंद असतं. मागच्या बाजूला पिठाच्या गिरणीला लागून लोखंडी जिना आहे, त्यानं वर या. रिक्षावाल्याला क्लबचं नाव सांगून काही उपयोग नाही, गिरणी सांगा. सकाळची सहाची बॅच स्पर्धा खेळणाऱ्यांची, संध्याकाळची सगळ्यांची. पोट कमी करायला म्हणून यायचं असेल तर दुसरीकडे जा. शिकवणारे सर नाही म्हणणार नाहीत, पण महिनाभर दोरीच्या उड्या आणि आरशासमोर पाय टाकणं यापलीकडे हाताला काही लागणार नाही.

मी सातारा आगारात वाहक आहे. लेक वीस वर्षांची, शाळेपासून बॉक्सिंग खेळते. अठरापर्यंत, म्हणजे युथ गटात, जिल्हा म्हणू नका, राज्य म्हणू नका, पोरगी जिंकतच होती. एकोणिसाव्या वर्षी एलिट गटात गेली. तिथं एकोणीस ते चाळीस सगळ्या एकत्र. समोर पोलिसातल्या, रेल्वेतल्या, सेनादलातल्या, दहा-दहा वर्षं रिंगमध्ये काढलेल्या बाया. पहिली बाउट, म्हणजे लढत, हरली, दुसरी हरली, तिसरीत जोराचा मार बसला म्हणून रेफ्रीनं दुसऱ्या राउंडला दोनदा आठपर्यंत आकडे मोजले आणि बाउट थांबवली. घरी आल्यावर पोरगी ग्लोव्हज माळ्यावर टाकून मोकळी झाली. भाऊबंद म्हणाले, आता बघा स्थळं.

आमच्याकडे अशा वेळी लोक दोनच सल्ले देतात. एक, सोडून दे. दुसरा, लगेच पुढची स्पर्धा खेळव, एक जिंकली की भीती मोडेल. दुसरा सल्ला देणारे जास्त, आणि त्यामागं कारण आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याला लागतं प्रमाणपत्र, प्रमाणपत्राला लागतं पदक. वर्ष रिकामं गेलं की आईबापाच्या पोटात गोळा येतो. माझ्याही आला होता. या क्लबचं नाव ड्यूटीवरच्या एका ड्रायव्हरनं सांगितलं, त्याचा भाचा इथं खेळतो.

पहिल्या दिवशी सरांनी पोरीला ग्लोव्हज घालूच दिले नाहीत. सर सेनादलातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी आधी कागद मागितले. "ताई, तिसऱ्या बाउटनंतर डॉक्टरांनी काय लिहून दिलंय?" कागद होता, मैदानावरच्या डॉक्टरांनी दिलेला, पर्समध्ये घडी करून ठेवलेला. डोक्याला मार बसून बाउट थांबली तर निदान ३० दिवस खेळणंही बंद आणि स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, तीही बंद, आणि तीन महिन्यांत असं दोनदा झालं तर बंदी तीन महिन्यांवर जाते, हे मला तिथं बसून कळलं. नियम जुना आहे. पण खेळायला बंदी असते तेव्हा क्लबात स्पारिंग चालूच असतं, त्यावर कोण लक्ष ठेवतं? इथं ठेवतात. डोकं दुखतं का, उजेड डोळ्याला लागतो का, झोप कशी आहे, शिकवलेलं लक्षात राहतं का, असले प्रश्न सर रोज विचारायचे आणि वहीत लिहायचे. न्यूरोच्या डॉक्टरकडून पुन्हा चिठ्ठी आणल्याशिवाय समोर माणूस उभा करणार नाही म्हणाले. त्या तपासणीचा खर्च आपला. मला तो खर्च पटला. पोरीला पटला नाही, ती फुगून बसली.

दुसरी गोष्ट व्हिडिओची. तीनही बाउटचे व्हिडिओ मोबाइलवर होते, माझ्या बहिणीनं काढलेले, त्यात तिचंच ओरडणं जास्त. सरांनी आवाज बंद करून लावले आणि मला बाहेर बसवलं. आईबापांनी आत बसायचं नाही, हा इथला नियम आहे आणि तो मोडत नाहीत. मग आत काय झालं ते पोरीकडून ऐकलं ते असं. सर म्हणाले, तू तीनदा हरलीस असं म्हणू नकोस, या तीन वेगळ्या बाउट आहेत. पहिली ३-२ नं गेली. पाच जजांतल्या एकानं उलटं लिहिलं असतं तर तू जिंकून आली असतीस, आणि आज ही सगळी चर्चाच नसती. त्यात दुरुस्त करण्यासारखं थोडंच आहे. दुसरी डावखुऱ्या मुलीशी होती, ती सरळसरळ हरलीस, कारण डावखुऱ्याशी कसं खेळायचं हे तुला कुणी शिकवलेलंच नाही. पुढचा पाय तिच्या पायाच्या बाहेर पडायला हवा, तुझा सारखा आत पडतोय, आणि तिचा डावा हात मोकळा मिळतोय. तिसरी तू रिंगमध्ये हरलीच नाहीस. ती तू काट्यावर हरलीस.

वजनाचं हे प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण आईबापांना यातलं काही माहीत नसतं. पोरगी आधी ५२ किलोत खेळायची. २०२५ पासून जागतिक संघटनेचे नवे गट आले, त्यात बायकांचे ५१, ५४, ५७ असे झाले. आधीच्या ठिकाणी तिला ५१ मध्ये घातलं, कारण खालच्या गटात उंची कामाला येते. पोरीचं अंगातलं खरं वजन सत्तावन्नच्या आसपास. म्हणजे स्पर्धेआधीच्या आठवड्यात पाणी तोडायचं, स्वेटर घालून पळायचं, रात्री नुसतं अर्धं सफरचंद. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी होतं, खेळाडू रात्रभरात खाऊनपिऊन सावरतो. आपल्याकडच्या स्पर्धांत ज्या दिवशी बाउट त्या दिवशी सकाळी काटा. जिंकलात की पुढच्या बाउटच्या सकाळी पुन्हा काटा. म्हणजे जितकं जिंकाल तितकी उपासमार लांबते. तिसऱ्या बाउटला पोरीचे पाय पहिल्याच राउंडला जड झाले होते, व्हिडिओत माझ्यासारखीलाही दिसलं. सरांनी तिला ५४ मध्ये घातलं. ५७ का नाही, तर त्या गटातल्या मुली हाडानंच मोठ्या, आणि तीन किलो ही नाश्ता-जेवण न तोडता उतरणारी गोष्ट आहे, असं त्यांचं गणित.

निखत झरीनचं उदाहरण त्यांनी याच वेळी दिलं. २०१९ च्या डिसेंबरात मेरी कोमविरुद्धच्या निवड चाचणीत निखत ९-१ अशी हरली, तीही स्वतः भांडून मागून घेतलेल्या चाचणीत, सगळ्या देशासमोर. त्याआधी २०१७ मध्ये खांदा निखळून शस्त्रक्रिया झालेली. लोकांनी तिचं पान उलटलंच होतं. २०२२ च्या मे महिन्यात इस्तंबूलला ५२ किलोत ती जगज्जेती झाली, पुढच्या वर्षी दिल्लीत ५० किलोत पुन्हा झाली. आणि पॅरिस ऑलिंपिकला त्याच ५० किलोत, मानांकन (मोठ्या खेळाडू सुरुवातीलाच एकमेकींसमोर येऊ नयेत म्हणून देतात तो क्रम) नसल्यामुळं, दुसऱ्याच बाउटला चीनची जगज्जेती वू यू पुढ्यात आली आणि निखत ५-० नं गेली. आमच्या पोरीला सरांनी विचारलं, यातलं निखतच्या हातात काय होतं? समोर कोण येणार त्याची सोडत नव्हती. मानांकन त्या दिवशी नव्हतं. तयारी होती. पोरगी म्हणाली, हे ऐकून बरं वाटायच्या ऐवजी भीतीच वाटली. मला वाटतं तीही योग्यच.

मग महिना-दीड महिना काय केलं? बघायला आलात तर कंटाळा येईल. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. डावा हात बाहेर जातो आणि परत येताना गालापाशी न येता छातीपाशी येतो, आणि त्या फटीतून समोरचीचा उजवा शिरतो, ही एक चूक तीनही बाउटमध्ये होती. सरांनी बाकी सगळं सोडलं आणि एवढंच धरलं. सरांनी हातात धरलेल्या पॅडवर जॅब, आरशासमोर जॅब, टेनिसचा चेंडू हनुवटीखाली धरून जॅब. हात खाली आला की सर पॅडनं कानाजवळ टपली मारत, जोरात नाही, पण आवाज येईल अशी. दुसरं, खडूनं जमिनीवर रेघ आखून डावखुऱ्याविरुद्धचा पाय. क्लबात एक डावखुरा मुलगा आहे, अकरावीतला, तो नुसता उभा राहायचा आणि ही त्याच्याभोवती पाय टाकायची.

मी एकदा विचारलं, सर, हूक-अपरकट वगैरे बाकीचे ठोसे कधी? ते म्हणाले, ताई, तुम्ही तिकीट फाडताना आधी पैसे घेता की आधी गाडी सोडता? आता तिकीट फाडत नाही, मशीन आहे, पण मुद्दा कळला.

या काळात त्यांनी पोरीला मोठ्या खेळाडूंच्या बाउट बघायला सांगितल्या आणि माझ्याही मोबाइलवर पाठवल्या. वस्तीच्या गाडीला मुक्कामी गेलं की रात्री वेळ असतो, मी सगळ्या बघितल्या. त्यातली फिलिपिन्सचा व्यावसायिक बॉक्सर मॅनी पॅक्वियाओ याची गोष्ट आमच्या पोरीवरच बेतल्यासारखी. २०१२ च्या जूनमध्ये तो टिमोथी ब्रॅडलीकडून विभागलेल्या निकालानं, म्हणजे जजांचं एकमत नसताना, हरला, त्या निकालावर अजून लोक भांडतात. डिसेंबरात हुआन मॅन्युएल मार्केझनं सहाव्या राउंडच्या शेवटच्या सेकंदाला त्याला असा मारला की तो तोंडावर पडला, हललाच नाही. सहा महिन्यांत दोन पराभव, एक कागदावरचा, एक खरोखरचा. त्यानं काय केलं, तर जवळजवळ वर्षभर खेळलाच नाही. परतला तो २०१३ च्या नोव्हेंबरात मकाऊला, ब्रँडन रिओसविरुद्ध. रिओस नामांकित होता, पण स्वतः नुकताच हरलेला, आणि त्याची पद्धत सरळ चालून येण्याची. पॅक्वियाओसारख्या पायानं चपळ माणसाला असा समोर चालत येणारा सोयीचा. बाराही राउंड खेळून आरामात जिंकला. मग २०१४ च्या एप्रिलमध्ये ब्रॅडलीला गाठला आणि हिशोब चुकता केला. प्रशिक्षक तोच, फ्रेडी रोच. वयाच्या चाळिशीत, २०१९ ला, त्यानं कीथ थर्मनला हरवलं.

युक्रेनचा हेवीवेट बॉक्सर व्लादिमिर क्लिच्को याची बाउट बघायला मला मजा येत नाही, खरं सांगते, पुढे हात धरून उभा राहतो आणि जवळ आला की मिठी मारतो. पण सरांचा तो लाडका. २००३ ला कॉरी सँडर्सनं त्याला दुसऱ्या राउंडला उडवला, २००४ ला लॅमन ब्रूस्टरनं पाचव्या राउंडला. सगळे म्हणाले याची हनुवटी काचेची, म्हणजे एक ठोसा बसला की पडतो. इमॅन्युएल स्टुअर्ड नावाचे प्रशिक्षक ब्रूस्टरच्या बाउटलाच त्याच्याबरोबर पहिल्यांदा होते, म्हणजे नवी जोडी आणि पहिलाच पराभव. दोघांनी एकमेकांना सोडलं नाही. साडेसहा फुटांचा माणूस, त्यानं उंची वापरायची, लांबून जॅब मारायचा, समोरचा आत शिरला की धरायचा. २००५ ला सॅम्युएल पीटरनं त्याला तीनदा खाली पाडलं, तरी गुणांवर तोच जिंकला. ब्रूस्टरनंतर पुढचा पराभव थेट २०१५ च्या नोव्हेंबरात, टायसन फ्युरीकडून. म्हणजे काचेची हनुवटी घेऊन माणूस अकरा वर्षं हरला नाही, कारण त्यानं ती कुणाला सापडूच दिली नाही.

याच्या उलट इंग्लंडचा हेवीवेट अँथनी जोशुआ. युक्रेनच्या उसिककडून २०२१ आणि २०२२, लागोपाठ दोनदा हरला, उसिकही डावखुरा. जोशुआनं दुसऱ्या बाउटआधी प्रशिक्षक बदलला, त्यानंतर पुन्हा बदलला, मग आणखी एकदा. चार बाउट जिंकला. त्यातली शेवटची फ्रान्सिस एन्गानूशी, जो मूळचा मिश्र मार्शल आर्टवाला, आणि त्याआधी बॉक्सिंगची एकच बाउट खेळलेला. तिथून जोशुआ गेला थेट वेम्बलीला डॅनियल डुबॉइसपुढे, २०२४ च्या सप्टेंबरात, आणि पहिल्याच राउंडला खाली बसला, पाचव्यात संपला. सरांचं मत, मधली पायरी राहिली. माझं मत थोडं वेगळं, डुबॉइसचा तो दिवसच तसा होता. पण दर पराभवाला गुरू बदलणाऱ्यांबद्दल ते जे बोलतात ते मी आमच्या भागात बघितलंय. तीन क्लब फिरलेलं पोरगं तीन प्रकारचे गार्ड, म्हणजे तोंडापुढं हात धरायच्या तऱ्हा, घेऊन येतं आणि त्यातला एकही धड नसतो.

आता हौशी बॉक्सिंगमध्ये पॅक्वियाओसारखा समोरचा निवडता येत नाही, चिठ्ठ्या पडतील ती समोर. सरांनी यावर काढलेली वाट मला या क्लबची खरी किंमत वाटते. स्पारिंगला त्यांनी पायऱ्या केल्या. आधी लहान मुलींशी, फक्त जॅब मारायचा आणि फक्त अंगावर. मग तिच्याच ताकदीच्या मुलींशी, पण दोनच राउंड. मग त्या अकरावीतल्या डावखुऱ्याशी, तो हलका हात ठेवून आणि ही पूर्ण जोरात. मग दुसऱ्या क्लबच्या मुली बोलावून मैत्रीच्या लढती, रेफ्री सर स्वतः, निकाल जाहीर करायचा नाही. पायरी जमली नाही तर खाली. एकदा उतरवली, तेव्हा पोरगी घरी येऊन दोन दिवस बोलली नाही. राज्य स्पर्धेचा फॉर्म त्या वेळी भरायचा होता, आम्ही दोघींनी मागे लागून पाहिलं, सर "आत्ता नाही" एवढंच म्हणाले. शेवटी एका तालुक्याच्या गावातली खुली स्पर्धा त्यांनी निवडली, जिथं कोण येणार हे त्यांना साधारण ठाऊक होतं. पहिली बाउट ५-० जिंकली. दुसरीत पोलिसातल्या एकीकडून ४-१ हरली, पण उभी राहून हरली, आणि तिसऱ्या राउंडला तीच पुढे जात होती. परतीच्या गाडीत पोरीनं स्वतःहून व्हिडिओ लावला, आवाज बंद करून. गाडी माझ्याच आगाराची होती, तिला अर्धं तिकीट, मला पास.

तेव्हापासून आणखी काही बाउट झाल्यात, बऱ्याच जिंकल्या. राज्याचा फॉर्म या वेळी सरांनीच आणून दिला.

फी. महिना ३,५०० रुपये, स्पर्धेच्या बॅचला. व्हिडिओ बघून सविस्तर चर्चा, त्याचे वेगळे १,५०० एकदाच. पॅडवर्क स्वतंत्र हवं असेल तर तासाचे ६००, पण सर स्वतःच सांगतात की गरज नाही. सोळा औंसांचे ग्लोव्हज स्पारिंगला सक्तीचे, ते आणि दातांचा गार्ड आपला. हेडगार्ड क्लबचे आहेत, पण घामानं कुबट झालेले, आपला घेतलात तर बरं. बाहेरगावच्या मुलींची राहण्याची सोय क्लब करत नाही. आमची मावशीकडे झाली, सगळ्यांना मावशी पुण्यात नसते, हे आधी बघा.

आता तक्रारी. बायकांचं टॉयलेट एकच, त्याची कडी मोडकी, आणि कपडे बदलायला खोलीच नाही. ग्लोव्हज ठेवायच्या कपाटामागं चादर लावून मुली कपडे बदलतात. पन्नासेक पोरं येतात, त्यात मुली पंधरा-वीस, एवढ्या फीत एक खोली पाडून देता येत नाही का? दोनदा सांगितलं, होईल म्हणाले. दुसरं, आठवड्यातून एकदा एक आहारतज्ज्ञ येतात आणि प्रत्येकीला पावडरीचा डबा खपवायला बघतात. सर त्यात नसतात, पण त्यांच्या छपराखाली चालतं. डब्यात बंदी असलेलं काही निघालं तर कारवाई खेळाडूवर होते, "मला माहीत नव्हतं" चालत नाही. आम्ही डबा घेतला नाही. भाकरी, मटकी, अंडी, दूध आणि रविवारी मटण यावर पोरीचं चोपन्न व्यवस्थित राहतं. तिसरं, सर फोन उचलत नाहीत. ड्यूटीमुळं मला यायला जमत नाही, आणि पोरीची प्रगती विचारायला निरोप ठेवला तर चार दिवसांनी "ठीक" एवढं उत्तर येतं.

पुढच्या महिन्यात पदक हवं असणाऱ्यांनी इथं येऊ नये, पैसे जातील आणि सरांशी भांडण होईल. पोरगं डोक्यावर मार खाऊन आलंय, वजन पाडून पाडून वाळलंय, किंवा मोठ्या गटात गेल्यापासून जिंकायचंच विसरलंय, अशांनी यावं, येताना डॉक्टरांचे कागद आणि बाउटचे व्हिडिओ घेऊन यावं. पाचपैकी चार तारे. पाचवा त्या मोडक्या कडीचा. कडी बसली आणि खोली झाली की मी स्वतः येऊन हे बदलेन.